सहा जीबीत अकराशे तांबवडेकर

आनंद तांबवडेकरवर आजवर जी काही संकटं आली, ती त्याने 'मी बघतो' म्हटल्यामुळे आली. अठ्ठ्याण्णव सालच्या ऑगस्टमधल्या एका रविवारी सकाळी तो हे वाक्य पुन्हा एकदा बोलला, आणि त्याच्या बायकोने, सुमेधाने, हातातली चहाची गाळणी खाली ठेवून देवाकडे बघितलं.

निमित्त त्याचे वडील, भाऊ. भाऊ सरकारी नोकरीतून निवृत्त झाले त्या दिवशी त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तांबवडेकर कुलवृत्तांत हाती घेतला. म्हणजे मूळ पुरुषापासून परवा बारसं झालेल्या पोरीपर्यंत कुळातल्या प्रत्येकाचा जन्म, लग्न, शिक्षण, नोकरी आणि फोटो एका ग्रंथात. या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली होती. विलंबाचं कारण भाऊंचा आळस नव्हे. भाऊ लिहीत त्यापेक्षा जास्त वेगाने तांबवडेकर जन्मत होते, आणि ज्यांची माहिती लिहून झाली ते कसलीही पूर्वसूचना न देता वारत होते.

पण आता तारीख ठरली होती. सत्तावीस डिसेंबरला ठाण्यात कुलसंमेलन, त्यात प्रकाशन. छापखान्याला मजकूर एक नोव्हेंबरला हवा. मागच्या सभेत थोरल्या पातीच्या, म्हणजे कुळाच्या थोरल्या शाखेच्या, प्रमोदिनीकाकूंनी सगळ्यांदेखत विचारलं होतं, "भाऊ, ह्या जन्मी होईल ना?" सभा हसली होती. भाऊही हसले होते, पण त्या दिवशी ते घरी येऊन जेवले नाहीत.

अडचण अशी होती की भाऊ आणि आई डोंबिवलीत बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहत, आणि आनंद-सुमेधा ए विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर. खिडक्या समोरासमोर. अंतर पंचवीस फूट. कढीत मीठ कमी आहे की जास्त, हे खिडकीतून सांगता येई. पण फोटो स्कॅन होत आनंदकडे, टायपिंग करत भाऊ, आणि मधली वाहतूक होई फ्लॉपीने. तीन मजले उतरा, तीन चढा. एका फ्लॉपीत दीड फोटो मावे. त्यामुळे कैलासवासी गोपाळरावांचं पागोटं एका फ्लॉपीतून बी विंगला पोचे आणि धोतर दुसऱ्या दिवशी.

"शिवाय तुझ्या कॉम्प्युटरात आता जागाच नाही म्हणतोस," भाऊ गुडघा चोळत म्हणाले. "अकराशे त्रेसष्ट माणसं आहेत रे आपण."

"मी बघतो," आनंद म्हणाला.

योजना साधी होती. एक पेटी घ्यायची, तिच्यात एक भली मोठी हार्ड डिस्क बसवायची, दोन्ही घरं वायरीने त्या पेटीला जोडायची. फोटो एकाच ठिकाणी राहतील, बघतील दोघे. आनंद वागळे इस्टेटमधल्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत परचेस खात्यात होता. तीन कोटेशनं घेतल्याशिवाय त्याने कधी घरची केरसुणीसुद्धा आणली नव्हती. दहा हजार बोल्ट मागवताना नटात बसतो का हे तो स्वतः फिरवून बघत असे. अशा माणसाने आधी डिस्क विकत घेतली आणि मग ती कशात बसेल याचा विचार सुरू केला, हे कंपनीत कळू नये म्हणून तो पुढे बरेच महिने जपत होता.

डिस्क किती मोठी घ्यावी यावर सोसायटीत एकमत नव्हतं. तळमजल्यावरचे सेक्रेटरी म्हणाले, एक हजार एमबी पुरे, जास्त मोठी घेतली तर कचरा साठतो, आमच्या माळ्याचं बघा. आई म्हणाली, घेताय तर मोठीच घ्या, वाढत्या अंगाला कपडा मोठाच घेतात. आनंदने आईचं ऐकलं. सहा हजार चारशे एमबी. त्या काळात एवढी डिस्क घरात असणं म्हणजे डोंबिवलीत खाजगी विहीर असण्यासारखं होतं.

कंपनीशेजारच्या गाळ्यात मधु नावाचा कॉम्प्युटर जोडणारा होता. तो ती डिस्क भाऊंच्या जुन्या मशीनला जोडायला रविवारी आला. मशीन सुरू झालं. पडद्यावर आकडा आला : ५०४.

भाऊंनी मनातल्या मनात वजाबाकी केली. "पाच हजार आठशे शहाण्णव कुठे गेले?"

"गेले नाय काका. आहेत सगळे. पण ह्याला दिसत नाहीत," मधु म्हणाला. "आतला बायोस जुना आहे. पाचशेच्या वर त्याला गिनती येत नाही."

"आमच्या ऑफिसात असा एक हेडक्लार्क होता," भाऊ म्हणाले. "त्याला आम्ही आवक-जावकला बसवला."

"ह्याला कुठे बसवणार? दुसरा डब्बा बघा. पण घेताना विचारून घ्या हां, मोठी डिस्क चालते का म्हणून."

आनंदने विचारून घेतलं. हे त्याच्या बाजूने नमूद करायला हवं. कोलशेतला एक कारखाना बंद पडला होता आणि ऑफिसचं सामान विकायला काढलेलं होतं. त्यात एक सर्व्हर होता. काळा, कमरेएवढा उंच, खाली चाकं, पुढे कुलूपवालं दार. विकायला बसला होता तिथला जुना वॉचमन, दामाजी.

"ह्यात मोठी डिस्क चालेल का?" आनंदने विचारलं.

दामाजीने दार उघडून दाखवलं. "सायेब, डिस्क काय घेऊन बसलात? आमची कोंबडी ह्यात दोन महिने होती. अंडी दिलीत तिनं."

परचेस खात्याच्या नियमाप्रमाणे हे तोंडी आश्वासन होतं, लेखी नव्हे. पण दार उघडल्यावर आत चार डिस्कांचे चार कप्पे दिसले आणि आनंद हरला. टेम्पो करून पेटी डोंबिवलीला आली. चौघांनी ती ए विंगच्या तिसऱ्या मजल्यावर, आनंदकडे, चढवली. सेक्रेटरी जिन्यात उभे राहून म्हणाले, "डबल डोअर फ्रिज घेतलात? अभिनंदन."

मधुने मागचं झाकण उघडलं, बॅटरी मारली आणि तोंडाने नुसतं 'च्च' केलं. डॉक्टरने असं केलं की माणूस जसा घाबरतो, तसा आनंद घाबरला.

"साहेब, कप्पे मोठे आहेत. पण सॉकेट वेगळी. तुमची डिस्क ह्याला लागतच नाही."

"मग?"

"डब्बा मस्त आहे," मधु म्हणाला. "आतलं सगळं काढून टाकू. नवीन बोर्ड घालू."

थोडक्यात, आनंदने कोलशेतहून ठाणे जिल्ह्यातला सर्वांत जड रिकामा डबा आणला होता. आतलं सगळं काढलं, तेव्हा तळाशी थोडी पिसं निघाली. नवा बोर्ड बसला, डिस्क लागली, मशीन सुरू झालं आणि पडद्यावर पूर्ण सहा हजार चारशे आले. सुमेधाने साखर वाटली. पेटीचा पंखा मात्र असा घोंघावे की खालच्या मजल्यावरच्यांनी दोनदा वर येऊन पीठ दळून मिळेल का, म्हणून विचारलं.

आता वायर. पंचवीस फुटांची वायर खिडकीतून खिडकीत टाकायची, यात विचारण्यासारखं काय आहे, असं आनंदला वाटलं. सेक्रेटरींचं पत्र दुसऱ्या दिवशी दाराला लावलेलं होतं : 'दोन्ही विंगांमधील अवकाश ही संस्थेची सामाईक मालमत्ता असून…' अर्ज, नकाशा, वायरीचा व्यास आणि 'वायरीतून काय जाणार' याचा खुलासा मागवला होता. आनंदने लिहिलं, 'पूर्वज.' कमिटीने तो अर्ज तीन आठवडे विचारार्थ ठेवला आणि शेवटी केबलवाल्याचा ना हरकत दाखला आणा म्हणून परत केला.

केबलवाला म्हणजे मानपाड्याचा काळुराम. पांढरा शर्ट, गळ्यात चेन, आणि डोंबिवली पूर्वेतल्या सगळ्या गच्च्या तोंडपाठ.

"जमीन सोसायटीची आसंल," काळुराम गच्चीवर उभा राहून म्हणाला. "पन वरची हवा माजी हाय. बगा, कुटं तरी दिसतंय का माज्या वायरीबिगर आभाळ?"

खरोखरच दिसत नव्हतं.

"पन काय जानार त्यातनं? पिक्चर?"

"नाही हो. वंशावळ. आमच्या सगळ्या वाडवडलांची."

काळुरामचा चेहरा बदलला. त्याने चेन शर्टात टाकली. "मंग दाखला कसला मागताव? पुन्याचं काम हाय. मी टाकतो." आणि स्वतः वर चढून त्याने आपल्या बंडलातली टीव्हीची वायर खिडकीतून खिडकीत ताणून दिली. पैसे विचारल्यावर तो रागावला.

त्या वायरीतून काहीही गेलं नाही. मधु म्हणाला, टीव्हीची वायर चालत नाही, ह्याची वेगळी येते. ही बातमी काळुरामला सांगायला कुणी तयार होईना. शेवटी आनंद गेला.

"माज्या वायरीतनं अख्खी दुनिया येते," काळुराम दुखावून म्हणाला, "आनि तुमचे म्हातारे येत नाय?"

तरी दुसऱ्या दिवशी त्याने मधुने दिलेली वायर टाकून दिली. मधुने बी विंगमध्ये भाऊंच्या मशीनला जोडली. भाऊंनी चष्मा पुसला, माऊसचं बटण दाबलं, आणि कैलासवासी गोपाळराव पागोट्यापासून धोतरापर्यंत एकसंध पडद्यावर आले. भाऊ खिडकीत येऊन ओरडले, "आले रे! उभे आहेत!" ए विंगमधल्या चार खिडक्या उघडल्या, कोण आलं ते बघायला.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण मधुने जाताना सहज सांगितलं होतं, की ह्यातलं विंडोज दोन-सव्वादोन हजारांपेक्षा मोठा तुकडा घेत नाही, म्हणून डिस्कचे तीन भाग केलेत. सी, डी आणि ई.

तीन! भाऊंना यात दैवी संकेत दिसला. तांबवडेकर कुळात पात्याही तीनच. थोरली, मधली, धाकटी. भाऊंची मधली. त्यांनी लगेच सी थोरलीला, डी मधलीला आणि ई धाकटीला दिला, महिन्याभरात सगळे फोटो ज्याच्या त्याच्या घरात नेऊन बसवले, आणि दसरा झाल्यावर प्रमोदिनीकाकूंना पाहणीसाठी बोलावलं.

प्रमोदिनीकाकू म्हणजे नौपाड्याच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्या ठाण्याहून आल्या, पेटीला एक प्रदक्षिणा घातली आणि खुर्चीत बसल्या. आनंदने अदबीने तीन भाग दाखवले.

"सी पासून का? ए आणि बी कुणाला दिलेत?"

"काकू, ए म्हणजे फ्लॉपी."

"त्या कोणत्या पातीतल्या?"

"त्या कुळातल्या नाहीत, काकू."

"आणि बी?"

"बी रिकामाच असतो."

"अक्षर रिकामं असताना थोरल्या पातीला तिसरं?" काकूंनी नोंद केली. मग त्यांनी सी उघडायला लावला. "हे विंडोज काय आहे?"

"त्याच्यावर मशीन चालतं. ते सी मध्येच राहतं."

"म्हणजे थोरल्या पातीच्या घरात भाडेकरू."

भाऊ घाईघाईने म्हणाले, "प्रमोदिनी, हवं तर आम्ही सी मध्ये जातो. तुम्ही डी घ्या. स्वच्छ आहे."

"म्हणजे मधली पाती पहिली? वा, भाऊ."

ही बैठक दोन तास चालली. सुमेधाने पोहे, चहा आणि पुन्हा चहा दिला. अखेर आनंदला तोडगा सुचला. सी द्यायचा कुलस्वामिनीला. तिचं स्थान, तिची आरती, तिचे फोटो. देवीच्या आधी बसण्याचा हट्ट कुणी करणार नाही, आणि देवळात पुजारी राहतो तसं विंडोज राहील. मग डी आणि ई पाडून तिथे तीन घरं करायची, थोरलीपासून क्रमाने. काकूंनी विचार केला. देवीविरुद्ध बोलायला त्यांनाही जागा नव्हती. "पुढच्या रविवारी बघायला येते," म्हणून त्या गेल्या.

डी आणि ई पाडायचे तर तोवर तिथली माणसं कुठे तरी हलवायला हवीत. सी मध्ये थोरली पाती होतीच, जागाही होती. आनंदने ठरवलं, लग्नघरासारखं चार दिवस सगळ्यांनी एकाच खोलीत राहायचं. शनिवारी दुपारी त्याने मधल्या पातीचे चारशे दहा फोटो उचलले आणि सी मधल्या फोटोंच्या खोलीत नेऊन सोडले. मशीनने काही तरी विचारलं. या नावाचं इथे आधीच आहे, त्याच्या जागी हे ठेवू का? आनंदने 'हो' म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा 'हो'. मशीन एवढं खोदून विचारतंय याचा त्याला परचेसवाला म्हणून राग आला. खाली 'सगळ्यांना हो' असं एक बटण होतं. त्याने ते दाबलं आणि चहा प्यायला गेला.

डी पाडण्याआधी भाऊ म्हणाले, "थांब. मुंडकी मोजू." जनगणनेच्या कामावर ते दोनदा गेलेले होते. थोरलीचे पाचशे चाळीस, मधलीचे चारशे दहा, एकूण साडेनऊशे. पडद्यावर भरले सातशे छत्तीस.

दोनशे चौदा माणसं नव्हती.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. आनंदने प्रत्येक फोटोला माणसाचं नाव आणि पुढे वडिलांचं आद्याक्षर दिलं होतं, आणि एकाच पातीत तेच पुन्हा आलं तर पुढे आकडा, शिस्तीत. आणि तांबवडेकर कुळात पहिल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत. अडीचशे वर्षं गोपाळचा वासुदेव आणि वासुदेवाचा गोपाळ, एवढाच कारभार तिन्ही पात्यांतून चालू होता. थोरलीतला वासुदेव गोपाळ बसला होता तिथे मधलीतला वासुदेव गोपाळ येऊन बसला, आणि आधीचा उठून गेला. दोनशे चौदा वेळा. सी मध्ये नेल्या होत्या त्या नकला, त्यामुळे मधली पाती डी मध्ये सुरक्षित होती, धाकटी ई मध्ये. गेली होती ती फक्त थोरली. प्रमोदिनीकाकूंची.

"मधु काढून देईल ना परत?" सुमेधाने विचारलं. मधु फोनवर म्हणाला, पुसलेलं निघतं साहेब, पण त्याच जागेवर दुसरं लिहिलेलं नाय निघत. फ्लॉप्या होत्या, त्यांवर कधीच दुसरं काही तरी भरून झालं होतं. आणि थोरल्या पातीचे मूळ फोटो काकूंनीच जमवले होते, आणि स्कॅन झाल्यावर ज्याचे त्याला परत पाठवले होते. तसं त्यांनी भर सभेत सांगितलंही होतं. रत्नागिरीपासून इंदूरपर्यंत दोनशे घरं. आणि हातात तीन आठवडे.

भाऊ ओरडले असते तर आनंदला बरं वाटलं असतं. ते पेटीसमोरच्या खुर्चीत बसले आणि सातशे छत्तीस फोटो एकेक करून पुन्हा बघू लागले, कुणी कोपऱ्यात उभं राहिलंय का ते शोधत असल्यासारखे. मग त्यांनी कागद मागितला आणि सुवाच्य अक्षरात संपादकपदाचा राजीनामा लिहिला. जबाबदारी सर्वस्वी माझी, असं त्यात होतं. आनंदचं नाव कुठेच नव्हतं.

"हे प्रमोदिनीला उद्या नेऊन दे," ते म्हणाले. "इथे आल्यावर तिच्यासमोर नको."

रविवारी सकाळी आनंद नौपाड्याला पोचला. काकूंनी दार उघडलं. "मी निघतच होते. तू कसा?" आनंदने बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. बटणासकट. मग पत्र दिलं. काकूंनी ते उभ्यानेच वाचलं. आनंद जमिनीवरच्या फरशा मोजत राहिला. अकरा आडव्या, नऊ उभ्या.

"दोनशे चौदा?" काकूंनी विचारलं.

"हो."

"सगळे थोरल्या पातीतले?"

"हो, काकू. मी स्वतः प्रत्येकाच्या घरी जाईन. रत्नागिरीपासून सुरुवात करतो. रजा—"

"दार लाव."

आनंदने बाहेर जाऊन दार लावायला घेतलं.

"अरे, आतून!"

त्याने आतून लावलं. काकूंनी खिडकीचा पडदाही ओढला. मग त्या पलंगापाशी जाऊन वाकल्या आणि कडीला धरून एक पत्र्याची ट्रंक ओढू लागल्या. ती हलेना. आनंदने हात लावला. झाकण उघडलं तर आत पाकिटं. दोऱ्याने बांधलेले गठ्ठे, प्रत्येकावर पत्ता, तिकिटं लावलेली. थोरली पाती, संपूर्ण, पाचशे चाळीस.

आनंदने पाकिटांकडे बघितलं, मग काकूंकडे.

"निकाल लागायच्या आधी उत्तरपत्रिका परत करत नसतात," काकू भिंतीकडे बघत म्हणाल्या. "छत्तीस वर्षांची सवय आहे. म्हटलं ग्रंथ हातात येऊ दे, मग टाकू पोस्टात."

"पण सभेत तुम्ही…"

"इंदूरची वहिनी महिन्याला एक पत्र लिहिते, तिच्या सासऱ्यांचा फोटो पोचला नाही म्हणून. मी तिला कळवते, पोस्टाचा कारभार अलीकडे बिघडलाय." त्यांनी पदराने कपाळ टिपलं. "बाहेर कुणाला बोलायचं नाही."

"कशाबद्दल, काकू?"

"दोन्हींबद्दल." त्यांनी भाऊंच्या पत्राची नीट घडी घातली, ती आनंदच्या खिशात कोंबली आणि वरून थोपटलं. "हे मला मिळालेलं नाही. आणि भाऊंना सांग, पाहणीला मी आज येत नाही. थोरल्या पातीचे फोटो जरा अस्पष्ट वाटले, म्हणून पुन्हा काढायला दिलेत. एवढंच झालंय."

आनंद ट्रंक रिक्षात घालून निघाला. ठाण्याहून डोंबिवलीपर्यंत शिळफाट्याचे सगळे खड्डे त्याने ट्रंकेवर दोन्ही हात ठेवून काढले. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा बघून विचारलं, "सोना है क्या, साब?"

"नाही," आनंद म्हणाला. "सासरे आहेत. इंदूरचे."

घरी भाऊ अजून पेटीसमोरच होते. आनंदने ट्रंक त्यांच्या पायाशी ठेवून झाकण उघडलं आणि काकूंचा निरोप शब्दशः सांगितला. फोटो अस्पष्ट होते. पुन्हा काढायचेत. भाऊंनी एक गठ्ठा उचलला. पाकिटावरचा पत्ता वाचला. न फोडलेली पट्टी बघितली. तिकिटावर शिक्का नाही हेही बघितलं. चाळीस वर्षं सरकारी आवक-जावक बघितलेल्या माणसाला पाकीट काय सांगतं, हे कळायला वेळ लागत नाही. त्यांनी आनंदकडे बघितलं. आनंदने पेटीकडे बघितलं.

"हं," भाऊ म्हणाले. "अस्पष्टच होते थोडे."

मग त्यांनी हरवलेल्यांची यादी काढली, चष्मा लावला, आणि एकेक पाकीट फोडून फोटो टेबलावर मांडायला घेतले. वासुदेव गोपाळ. गोपाळ वासुदेव. दुसरा वासुदेव गोपाळ. प्रत्येकाला ते नावाने हाक मारत होते आणि यादीवर खूण करत होते. दोनशे चौदाव्याला हात थांबला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजले. पुन्हा दोनशे चौदा. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, पाठ टेकली आणि एक लांब श्वास सोडला.

सुमेधा चहा घेऊन आली तेव्हा भाऊ खुर्चीतच झोपलेले होते. शनिवारपासूनची ती त्यांची पहिली झोप. मांडीवर कुणी तरी गोपाळराव उताणे पडले होते. आनंदने स्कॅनरचं बटण दाबायला हात पुढे केला होता.

"राहू दे," सुमेधा कुजबुजली. "कर्र वाजतो तो."

आनंदने हात मागे घेतला. अडीचशे वर्षांच्या कुळाला आणखी तासभर थांबायला काही हरकत नव्हती. तो भाऊंच्या वाटणीचा चहाही प्यायला आणि पेटीला टेकून खाली बसला. पेटी घोंघावत होती, भाऊ घोरत होते. खालच्या मजल्यावरून कुणी तरी ओरडून विचारलं, की आज बाजरी दळणार का.